भराव

फॉर्मवर एक ओळ असते: पूर्वीच्या शस्त्रक्रिया.
जागा दोन बोटं.
मी लिहिते: बसवले, २००४.
काढले, गेल्या मार्गशीर्षात.
काउंटरवरचा मुलगा वाचतो, कानांपर्यंत लाल होतो,
आणि फक्त मार्गशीर्ष खोडून डिसेंबर करतो.

नेरूळ, चष्म्याच्या दुकानावरचा पहिला मजला.
पाण्याच्या कूलरला साखळीनं बांधलेला पेला.
मांडीवर साडीच्या दुकानाची पिवळी पिशवी,
तिच्यात वीस वर्षांच्या फिल्मा.
जुनं सगळं घेऊन या, म्हणाले होते फोनवर.
जुनं सगळं.
म्हणायला काय जातं.

टेक्निशियन दिवाळे गावची, बिल्ल्यावर यामिनी कोळी.
आधी तळहात एकमेकांवर घासून गरम करते,
तान्ह्याला तेल लावण्याआधी घासतात तसे.
"तुमचे पूर्वी आठ फोटो काढत असतील,
पिशव्या मागं ढकलून ढकलून.
आता चारच. साध्या बायकांसारखे."
मग जीभ चावते.
मला मात्र ते आवडतं.
किती वर्षांनी कुणी साध्यांच्या रांगेत उभं केलं.

हनुवटी वर. खांदा सैल.
पट्टी खाली येते, आणखी खाली,
आणि जे काही उरलंय ते काचेवर पसरतं,
लाटायला घेतलेल्या गोळ्यासारखं, कडेनं फाटेल असं.
"श्वास रोखा."

रोखते.
आमची सोसायटी आहे तिथं खाडी होती, यामिनी सांगते,
तिचे आजोबा खेकडे धरायचे तिथं.
मुरूम ओतला, वर रस्ता, वर शाळा, वर आम्ही.
अमावास्येच्या भरतीला आमच्या तळघरात
स्कूटरी अर्ध्या चाकापर्यंत उभ्या असतात.
"चाखून बघा ते पाणी कधी," म्हणते.
"सोडा श्वास."

मीही घातला होता भराव.
कुणाच्या सांगण्यावरून नाही, हे मी सगळ्यांना सांगते
आणि ते नव्वद टक्के खरं आहे.
उरलेले दहा टक्के हेमकांत.
तो आता बडोद्याला. त्याचे दहा टक्के माफ.
आणि सुंदर दिसत होते मी, ते का लपवू?
निळ्या ब्लाउजमध्ये तर फारच.

काढल्यावर सर्जननं विचारलं, हव्यात?
बरणीत घालून दिल्या.
घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्या:
दोनशे ऐंशी. दोनशे ब्याण्णव.
बारा ग्रॅमचा फरक मी वीस वर्षं अंगावर वागवला
आणि दोष देत राहिले शिंप्याला.

डॉक्टर नवरे पडद्याजवळ बोलावतात.
ही पांढरी रेघ. हे कवच.
पिशवी परकी म्हणून शरीरानं भोवती विणलेलं.
उजवीकडचं थोडं राहिलंय. राहू दे.
(घर पाडलं, कुंपण तेवढं उभं.
त्याला कुणी कळवलंच नाही.)
आणि हा ठिपका?
हा जुन्या फोटोंत नाही.
जुन्या फोटोंत इथं पिशवी होती ना,
मागचं काही धड दिसायचंच नाही.

बहुधा चरबीचा खडा, जखम भरताना होतो तसा.
बहुधा.
सहा महिन्यांनी परत बघू.

जिना उतरताना मी बहुधा चघळत राहते.
सुपारीसारखा शब्द, पटकन फुटत नाही.
आईला हे कधी कुणी दाबून बघितलंच नाही.
तिला गाठ लागली ती आंघोळीत, आणि ती गप्प बसली,
पाहुणे जाईपर्यंत, मग दिवाळी होईपर्यंत.

परत वर जाते. मुलाला म्हणते, तारीख आत्ताच दे.
ज्येष्ठातली.
तो बोटांवर मोजतो.
"जून," म्हणतो, पण लिहिताना थांबतो,
आणि माझ्या कार्डावर, तिरक्या अक्षरात,
ज्येष्ठ लिहितो. ष्ठ चुकलाय.
मी दुरुस्त करत नाही.