सुटे

खाणी चालू होत्या तेव्हा या गाळ्यात
टिप्परचे सुटे भाग मिळायचे.
आता इथे, कुडचड्याच्या वरच्या वाड्यावर,
मडगावच्या मोठ्या दुकानाचं शेंडेफळ उभं आहे:
सहा फळ्या, दोन फ्रीज, एक काचेचा दरवाजा
जो कुत्र्यालाही उघडतो.
फरशी मी दिवसातून दोनदा पुसते,
तरी दुपारी खालून ग्रीसचा वास येतोच.

छातीवर माझं नाव लावलंय, सुलक्षा.
गरज नव्हती. येणारा प्रत्येकजण
मला बापाच्या नावानं ओळखतो.

रस्त्यापलीकडे रोहिदास शेटचा पसरा.
शाळेत बाई "पसरा आवरा" म्हणायच्या
तेव्हा आम्हाला वाटायचं, शेटचं दुकान बंद करायला सांगतात.
तिथे अर्धा नारळ मिळतो, एक अंडं मिळतं,
मूठभर सोलं, एकच मेणबत्ती,
आणि लाल वही.
खाण बंद पडली त्या वर्षी
आमचं घर त्या वहीत राहायला गेलं.
बाबांचा ट्रक अंगणात, टायरांवर शेवाळ,
आणि मी पिशवी घेऊन पायरीवर:
"लिहून ठेवा म्हणालेत."
शेट लिहायचा. कधी काही बोलला नाही.
फक्त चष्म्यावरून बघायचा,
आणि त्या बघण्याचं व्याज चढायचं.

त्याला सगळं ठाऊक असायचं.
कुणाचं तेल अर्ध्या लिटरवर आलं,
कुणाच्या सुनेनं आठवड्यात दोनदा चिंच नेली,
पिएदाद मावशीचा मुलगा बोटीवरून आला की
तिचा साबण कसा बदलतो.
तेराव्या वर्षी मला जे लागलं
ते मी मागायच्या आधीच त्यानं
कालच्या पेपरात गुंडाळून ठेवलं पुढ्यात,
श्रद्धांजलीचं पान बाहेरून.
भुई फाटावी असं वाटलं होतं.

म्हणून खरं सांगते,
हे दुकान आलं तेव्हा मला वाईट वाटलं नाही.
इथलं यंत्र पीप म्हणतं आणि विसरतं.

सुटे मात्र त्याच्याकडे कधीच नसतात.
रोज सकाळी साहेब पाचशेची नोट देतात,
"समोरून आण."
शेट गल्ल्यातून मोजून देतो,
रुपया कमी नाही, शब्द जास्त नाही.

परवा रात्री, दहाला पाच कमी.
दरवाजा उघडला. मला वाटलं, कुत्रं.
शेट होता. बनियनवर घाईत चढवलेला शर्ट,
बटणं एक घर चुकलेली.
फळ्यांमधून फिरला, किमती वाचत, ओठ हलवत,
आपल्याकडे किती, इथे किती,
मग सगळ्यात खालच्या फळीपाशी वाकला.
मोठ्या माणसांचे डायपर. मध्यम माप.
शेटीणबाई चवथीपासून दिसल्या नव्हत्या.

आपल्या पसऱ्यात मागवता आले असते त्याला.
पण खोका आणणारा टेंपोवाला, उतरवणारा पोऱ्या,
आणि पायरीवर आम्ही सगळे.

पीप.
"पिशवी हवी?" हे विचारावंच लागतं.
आमची पिशवी पातळ, आतलं सगळं वाचता येतं.
पेपर इथे येत नाही.
मी ऑफरची चार पत्रकं जोडली,
तूरडाळीवर सूट, एका शांपूवर एक फुकट,
आणि गुंडाळलं जमेल तसं. कोपरे सुटत होते.
चिकटपट्टी लावली, परत लावली.
त्यानं नाणी मोजून ठेवली, पाच-पाचचे ढीग करून.
जाताना, सवयीनं असेल,
चष्म्यावरून बघितलं.
मी यंत्राकडे बघत राहिले.

सकाळी पाचशेची नोट घेऊन गेले.
त्यानं दहाच्या नोटा, पाचाची, दोनाची नाणी
मोजून हातावर ठेवली.
म्हणाला, "उंडो घे. पोदेर आत्ताच देऊन गेला."
घेतला. गरम होता.
माझ्या पर्समधली दहाची नोट पुढे केली
तर गल्ला उघडा ठेवून, खाली बघत म्हणाला,
"सुटे नाहीत गो."