परत गेलेल्यांची वही

मोरचुदाच्या निळ्या पाण्यात
बोटाचा एक थेंब सोडायचा
आणि पंधरापर्यंत मोजायचं.
बुडाला, तर माणूस आत : खाट, सुई, पिशवी,
मग चहा आणि बिस्किटचा पुडा.
तरंगला, तर
"पुढच्या वेळी या."

मंडईचा दिवस. सिंदेवाहीच्या पुढे, जंगलाला लागून गाव.
शाळेच्या व्हरांड्यात आमचं शिबिर,
मागच्या मैदानात रात्रीच्या नाटकाचा पडदा बांधणं चाललेलं.
पेटीवाला सकाळपासून एकाच पट्टीवर अडलेला.
माझ्या मांडीवर चौदा वर्षांचं रजिस्टर,
सात गावं, तीनशे बारा दाते,
आणि कुठल्याशा थंड देशातून उचलून आणलेला प्रश्न :
जो रक्त देतो, त्याचं हृदय जास्त टिकतं का?
अंगातलं जास्तीचं लोह उतरतं म्हणे.

जास्तीचं लोह.
हे दोन शब्द मी इथे
कुणासमोर मोठ्यानं वाचलेले नाहीत.

मंगरू नैताम, वय एकावन्न, सत्तावीस वेळा.
छातीत दुखणं नाही. धाप नाही. साखर नाही.
माझ्या तक्त्यात त्याच्यासारखे दाते
न देणाऱ्यांच्या निम्मेच आजारी पडलेले.
आकडा इतका देखणा होता
की मी तो त्याला सांगून टाकला.
त्यानं कोपरातला कापूस उचलून पाहिला,
पुन्हा दाबून धरला.
"ज्याच्या कोठीत धान हाये, थोच देते ना जी म्याडम.
रिकाम्या कोठीवाला तं तुमच्या दारातूनच वापस जाते.
त्याचं काय होते, तुमाले कसं मालूम?"

ह्या चुकीला आमच्यात एक लांबलचक नाव आहे.
मला परीक्षेत आलं होतं ते.
पूर्ण गुण.

दुपारी रेवता कन्नाके आली. तिसऱ्यांदा.
पोरगी चंद्रपूरला दवाखान्यात, सिकलची;
थंडी पडली की पाय पोटाशी घेऊन
भिंतीकडे तोंड करते, रडत नाही.
तिथं पिशवीच्या बदल्यात पिशवी मागितली होती.
सिकलवाल्या पोरांना बदली लागत नाही, असा कागद आहे,
मी तो शोधू लागले, फोन लावू लागले,
तोवर तिनं बोट पुढे केलं होतं.

थेंब तरंगला.
मी मोजत राहिले : पंधरा, सोळा, वीस,
जणू उशिरा आल्याचा दंड भरून
त्याला आत घेता येईल.
ती भांड्यावर वाकली. तिचा श्वास पाण्यावर उमटला.
"बोटानं दाबा ना जी म्याडम, बुडते."

रजिस्टरात तिच्यासाठी रकाना नव्हता.
वजन भरलं नाही, थेंब तरंगला, दम लागला, पाळी चालू,
नवरा नको म्हणाला : चौदा वर्षांत
कितीजण ह्या व्हरांड्यातून उतरून गेले,
कुणी लिहिलं नाही.
मी तर लिहिण्याचाच पगार घेते.

मंडईतल्या दुकानातून दोनशे पानी वही घेतली.
मुखपृष्ठावर मोर, निळ्याचा जरा जास्तच निळा.
पहिल्या ओळीत रेवता, वय चौतीस, सात पूर्णांक दोन.
तिच्यापुढे प्रश्न कोणता लिहायचा, कळेना.
मी पत्ता लिहिला.
मग "घरी कोण कोण" असं लिहिलं, आणि
त्यासाठी जागा कमी पडली.

संध्याकाळी भांडं रिकामं करायला घेतलं.
मैदानात पेटीला तिची पट्टी सापडली होती,
लहान पोरं पोती अंथरून जागा धरत होती.
कंदिलाजवळ धरलं, तर
तळाशी सगळेच थेंब.
तरंगलेलेसुद्धा, पंधराच्या पुढे कधीतरी,
आमचं लक्ष नसताना
खाली जाऊन बसलेले.
मंगरूचा कोणता, तिचा कोणता,
मी बराच वेळ
ओळखायचा प्रयत्न केला.