सोबत आलेलं

तिसऱ्यांदा नकार आला तेव्हा
उद्यमबागेतली लाईट नुकतीच गेली होती
आणि इन्व्हर्टर टिटवीसारखा ओरडत होता.

पत्र नेहमीसारखं, सभ्य.
तुमच्या ॲपमधलं एक फंक्शन
आमच्या आतल्या खोलीची कडी वाजवतं.
ते काढा आणि पुन्हा पाठवा.

मी कुठली कडी वाजवली?
मी लिहिलंय ते एवढंच:
साचा नंबर, वजन, कुठल्या पाळीचा रस,
किती नग बाद, आणि का.
मच्छेच्या फौंड्रीसाठी, मराठीत आणि कानडीत,
सगळं मिळून चार हजार ओळी.
पण गठडी बांधताना ते अवजार
आपला अख्खा संसार आत कोंबतं,
अडतीस एमबीचा रनटाइम,
त्यात लायब्ररी, लायब्ररीच्या पोटात लायब्ररी,
आणि त्यातच कुठंतरी,
सौंदत्तीला निघालेल्या टेम्पोत असतो तसा
एक माणूस, ज्याला प्रत्येक जण
दुसऱ्याचा पाहुणा समजतो
आणि भाकरी देतो.

रात्रभर फाईली चाळल्या.
पहाटे सापडलं:
एक नाव, आधी खालची रेघ,
बनवणारा कोण, कुठला, माहीत नाही.
चार वर्षांपूर्वी त्यानं लिहून ठेवलंय,
सध्या वेळ नाही.

काढून टाकलं.
ॲप उघडलं, आणि जोडाक्षरं फुटली.
भट्टीतला अर्धा ट
पाय मोडून बाजूला पडला.
भाषा बदलून कानडी लावली
तर कब्बिणमधला दुसरा ब
खाली आपल्या जागी जाईना,
रांगेत नवीन आलेल्या माणसासारखा
शेजारी उभा राहिला.
म्हणजे भलतीच कडी वाजवणारा तो
इतके दिवस आमची अक्षरं
जुळवून देत होता.

सकाळी मच्छेला गेलो.
नागोजी कडोलकर खडूनं फुल्या मारत होता,
चौदा पंपांच्या बॉड्या, परत आलेल्या.
‘काय झालं की ओ?’
‘शिसं. लॅबचा रिपोर्ट आलाय.
आम्ही कशाला घालतोय शिसं?
भंगारासंगट आलं.
कुणाचं रंगवलेलं दार, कुणाची बॅटरी,
वितळल्यावर काय कळतंय?’
‘मग पार्टीला हेच सांगितलं?’
त्यानं खडू वरच्या खिशात टाकला.
एका बॉडीवर अंगठा फिरवला,
जिथं ओतताना फौंड्रीची अक्षरं उठली होती.
‘सांगून काय. नाव आमचं हाय न्हवं.’

परत येताना तिसऱ्या रेल्वे गेटाला
मालगाडी आडवी आली.
अठ्ठेचाळीस डबे मोजले.
घरी येऊन उत्तराचा मसुदा खोडला,
त्यात ‘हा कोड माझा नाही’
तीन वेळा होतं.

मग अकरा दिवस.
दुसरी लायब्ररी, जुनी, जड,
पण दारं न वाजवणारी.
जोडाक्षरं बसली.
रफार अजून किंचित डावीकडं पडतो,
पुढच्या वेळी बघू म्हणून सोडला.
पाठवलं. आता पडद्यावर
‘तपासणी चालू आहे’, परवापासून.

संध्याकाळी नागोजीचा फोन.
‘लागलं काय तुमचं?’
‘अजून नाही. तुमच्या चौदा?’
‘फोडल्या. परत भट्टीत घालाय लागलोय,
थोडं थोडं.’
‘अहो, पण शिसं?’
पलीकडं पंखा घरघरत होता.
‘पंपात न्हवं ओ. ट्रॅक्टरला मागं
वजनं लावत्यात की, ती ओततोय.
तिथं नुसतं जड असलं की झालं.’