तेरावी ओळ

एकतीस वर्षं नोटा तपासल्या मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये.
शाई फाकली का, आकडा सरकला का, धागा बसला का जागेवर.
मागच्या बाजूला भाषांची ती बारीक पाटी,
पंधरा ओळी, आपली आठवी.
तेराव्या ओळीत तमीळ.
डाग नाही ना, एवढंच पाहायचो.
वाचायची वेळ कधी आली नाही.

आता निनाद कोइमतूरला, सून कयलविळी,
आणि तीन वर्षांची नात, याळिनी.
दोघींच्याही नावात एक ळ आहे, जो आपला नाही.
आपला ळ जीभ टाळूवर आपटून येतो.
त्यांचा मागे वळतो
आणि कशालाच न शिवता निघून जातो.

जेल रोडच्या फ्लॅटमध्ये म्हणून दोन मोबाइल.
माझा सकाळी सहाला. चष्मा, दोनशेपानी वही.
ॲप म्हणतं, तो मनुष्य पाणी पितो.
मी म्हणतो, तो मनुष्य पाणी पितो.
ॲप म्हणतं, शाब्बास.
दोनशे अकरा दिवस, एक खाडा नाही.
दोनशे सत्तेचाळीस अक्षरं, सगळी घोटली.
हजेरीत मी प्रेसमध्येही कधी मागे नव्हतो.

कुमुदला एक अक्षर येत नाही.
ती मेथी निवडताना विहीणबाईंना आवाज पाठवते,
अर्धं मराठी, पाव हिंदी, उरलेलं तिचं स्वतःचं काहीतरी.
विहीणबाई हसतात, सुधारून परत पाठवतात,
ही पुन्हा चुकवून पाठवते.
गुडघे, कढीपत्ता, धाकट्या जावेचा खवचटपणा,
सगळं त्या भाषेत होऊन जातं.
मी म्हणालो, अगं, क्रियापद चुकलं.
म्हणाली, मग? पोचलं ना?

समोरच्या बिऱ्हाडातला ओजस
गेम खेळता खेळता ब्राझीलच्या पोरांशी
पोर्तुगीजमध्ये भांडायला शिकलाय.
शिव्या आधी आल्या, आकडे मागून.
त्याची आई दारात उभी राहून विचारते,
मग शाळेतल्या इंग्रजीला काय धाड भरलीय?

रविवारी व्हिडिओ कॉल.
याळिनीचं आधी नाक, मग एक डोळा.
तात्ता, एन्न पण्रीङ्ग?
काय करताय, एवढंच विचारत होती.
मी वर्तमानकाळ शोधला. पुरुष शोधला.
तोवर पडद्यावर नुसता छताचा पंखा, पोर पळालेली.
आतून कुमुद ओरडली, सुम्मा!
तिकडून खिदळणं.
मी वही उलटीपालटी केली. सुम्मा कुठल्याच धड्यात नव्हतं.
उगाच, म्हणाली कुमुद. असंच. काही नाही.
कशातही टाका, चालतं.
जिऱ्यासारखं.

संध्याकाळी बिटको चौकात द्राक्षांची गाडी.
शंभराची नोट काढली
आणि देण्याआधी, सवयीनं, उजेडाला धरली.
पाटी. आठवी. त्याखाली पाचवी.
नूरु रूबाय, मोठ्यानं म्हणालो.
गाडीवाला म्हणाला, बाबा, शंभरच झाले.
म्हटलं, तेच म्हणतोय.

एका हाताला पिशवी, दुसऱ्यात मोबाइल,
मागे रिक्षावाले हॉर्न बडवतायत.
माइकचं बटण दाबून धरलं.
याळिनी. तात्ता. तिराट्चै. नाशिक तिराट्चै.
द्राक्षं तिकडे जाऊन जेमतेम एवढीच बदलली होती.
पुढं काही सुचेना, बटणही सोडवेना,
नुसता चौकच गेला अकरा सेकंद.

दोनशे बारावा दिवस भरायचा राहिला.
ॲपवर शून्य.
साडेनऊला सुनेच्या फोनवरून उत्तर आलं.
द्राक्षांबद्दल एक शब्द नाही.
रिक्षाचा हॉर्न, पोरीच्या तोंडानं, तीनदा.
कुमुद म्हणाली, काय म्हणतेय ती?
मी तिला हातानं थांबवलं,
घसा खाकरला
आणि तोच हॉर्न परत पाठवला,
जमेल तितका तिच्यासारखा.