जामीन

पतसंस्थेचा फॉर्म चार पानी होता.
तिसऱ्या पानावर, खाली, माझ्या नावापुरती जागा.
अमोसदादा म्हणाले, "फक्त सही, बाई. फेडणार मीच."
त्यांच्या बोटांना हळद होती, नेहमीसारखी;
सांगलीच्या यार्डातली पोती वाहणाऱ्याची हळद
रविवारच्या साबणालाही जुमानत नाही.
फॉर्मच्या कडेला एक पिवळं बोट उमटलं होतं.

मी मिरजेच्या दवाखान्यात चादरी मोजते.
धुवायला गेल्या किती, परत आल्या किती,
ऑपरेशनला किती, फाटल्या किती.
सव्वीस वर्षांत एवढंच कळलं:
जे मोजलं नाही ते हरवतं,
आणि आळ येतो झाडूवाल्या मुलीवर.

म्हटलं, "विचार करून सांगते."
"प्रार्थना करा," ते म्हणाले. "देव सांगेल."

देव काही बोलला नाही.
गुडघे टेकले तेव्हा शेजारी कुकरची शिट्टी झाली
आणि आठवला पपांचा पगार.
पपांनीही केली होती एकदा सही,
मंडळीतल्याच एका भावासाठी, प्रेमानं, न वाचता.
अकरा वर्षं ते प्रेम कापून जात राहिलं
दर महिन्याच्या सात तारखेला.
माझी नर्सिंगची फी त्यातच गेली.
पपा कुरकुरले नाहीत कधी;
फक्त त्या भावाच्या गल्लीतून जाणं सोडलं,
स्टेशनला लांबून वळसा घेत राहिले.

शास्त्रात दोन्ही आहे, हीच पंचाईत.
परक्याच्या कर्जात हात घालू नकोस, म्हणतो शहाणा राजा.
मागेल त्याला दे, म्हणतो प्रभू, डोंगरावर बसून.
मी दोन पानांत दोन बोटं घालून बसले
लाइट जाईपर्यंत.
पाळकसाहेबांना विचारावं, तर
दुसऱ्या जामिनाच्या रकान्यात
त्यांची सही आधीच झालेली.

सकाळी गठ्ठ्यात एक चादर निघाली, मधोमध विरलेली.
अशी आम्ही टाकत नाही.
कडेचं धड कापड कापून
बाळंतिणींच्या वॉर्डासाठी दुपटी शिवतो.
आकडा लिहिता लिहिता थांबले थोडी.

शुक्रवारी ड्यूटी सुटल्यावर त्यांच्या घरी गेले.
फोनवर 'नाही' म्हणणं सोपं होतं, म्हणून गेले.
मार्थानं चहा टाकला.
तो उतू जायच्या आत मी बोलून टाकलं,
"सही नाही करत, दादा."
पर्समधले बारा हजार टीपॉयवर ठेवले.
"हे उसने नाहीत. डायरीत 'दिले' असं लिहिलंय."
आणि जरा चाचरत,
"तुमची डिझेलची वही काढा, बसून मोजू.
एक छोटा हत्ती पोसवत नाही,
तर दुसरा कशाला दारात?"

दादांनी वही काढली नाही. पैशांकडे पाहिलंही नाही.
"विश्वास कमी पडतोय तुमचा," एवढंच.
मार्थानं नोटा उचलून साखरेच्या डब्याखाली सारल्या
आणि मला दारापर्यंत सोडायला आली, चपला न घालता.

येताना फाटक लागलं होतं.
मालगाडीचे डबे मोजले, सवयीनं. बेचाळीस.
शहाणपणानं वागले, की नुसती वाचले?
गाडी गेली, फाटक उघडलं,
मागून हॉर्न वाजले म्हणून निघाले.

तीन रविवार दादा पलीकडच्या बाकावर.
चौथ्या रविवारी लग्नाचे पाहुणे होते,
गीतांची पुस्तकं कमी पडली.
मागून कुणीतरी एक पुढे सरकवलं,
पान उघडूनच.
समासात ताजा पिवळा अंगठा.
खाली सहीला जागा नव्हती, रक्कम नव्हती.
मी मागे वळले नाही.
त्या अंगठ्याशेजारी माझा अंगठा ठेवून
पुस्तक नीट धरलं,
तोवर सगळे दुसऱ्या कडव्यावर पोचले होते.