परस्पर

करार दोन भाषांत होता. मराठी प्रत कुणी वाचत नाही.
मी वाचली, डबा खाऊन झाल्यावर, हात पुसून.
वर ठळक अक्षरांत: परस्पर सहकार्य.
मला हसू फुटलं. गुंजाळ मॅडम म्हणाल्या, काय झालं, सुगंधा?
काही नाही मॅडम. आमच्या दिघ्यात
परस्पर म्हणजे ज्याचं त्याला न विचारता.
भावानं जमीन परस्पर विकली.
पोरीचं लग्न परस्पर ठरवलं.

वर डोंगराला इलठणपाड्याचं धरण आहे.
साहेबाच्या रेल्वेनं बांधलं, इंजिनांना पाणी पाजायला.
सासरे सांगायचे, इंजिनं आधी प्यायची,
पाड्यावरच्या बाया झिऱ्याला रांग लावायच्या.
दगड इथलेच. वाहणारेही इथलेच असणार.
त्यांची नावं कोरलेली मला तरी कुठं दिसली नाहीत.

दर थंडीत सहाजण येतात, चार आठवड्यांसाठी.
फिओना त्यातली बरी. खरंच बरी.
उन्हानं नाक सोललं तरी टेकडी चढायची.
'थुंकी' दोन दिवसांत शिकली, 'खोकला' आठवड्यात,
'कधीपासून' मात्र शेवटपर्यंत जमलं नाही तिला.

मी तिला दाखवलं:
दारात टीबीचं नाव काढायचं नाही, आधी रेशन आलं का विचारायचं.
कुठल्या घरात गोळ्या पिठाच्या डब्यात असतात,
कुठल्या घरात नवऱ्याला अजून माहीत नाही.
ती लिहीत राहिली.
रक्तही काढलं तिनं, खाणीतल्या मल्लेशचं,
तिसऱ्या टोचणीला शीर सापडली.
तो म्हणाला, असू दे, शिकू दे पोरीला.

आमचा अविराज गेला होता तिकडे, करारातला एकटा.
आठ आठवडे काचेमागे उभा.
पेशंटला हात लावायचा नाही, विम्यात बसत नाही म्हणे.
मल्लेशच्या दंडाचा विमा
कुणी विचारला नव्हता.

पेपर आला. चौदा पानं.
शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरांत:
स्थानिक कर्मचाऱ्यांचे आभार.
चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
म्हणजे मी, छाया,
आणि पावसाळ्यात गेलेली आमची आशाताई, रुखसाना,
जिच्या ओळखीशिवाय एक दार उघडलं नसतं.

बोलावलंही होतं, खोटं कशाला बोलू.
त्यांच्या सभेत दहा मिनिटं, मराठीत चालेल म्हणाले.
मी साडीसुद्धा ठरवली होती.
व्हिसाच्या कचेरीतून कागद आला:
आपण मायदेशी परत याल याची खात्री पटत नाही.
एकशे बारा माणसं माझ्या हातून गोळ्या घेतात.
हे अर्जाला कुठं जोडतात
मला ठाऊक नव्हतं.

आता नवा करार. या वेळी मॅडमनी खुर्ची ओढून दिली.
बस. तू सांग काय लिहायचं.
मी बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
वीस वर्षांत हे वाक्य ऐकलं नव्हतं, जीभच वळेना.
मग म्हटलं, चार आठवडे नको. सहा महिने.
आमचा कोर्स सहा महिन्यांचा असतो.
आणि अविराजला तिकडे हात लावू द्यायचा,
नाहीतर इथंही काच बसवू.
मॅडम हसल्या, पण लिहिलं.
'परस्पर'वर रेघ मारली, तिथं अजून शब्द सुचलेला नाही.

तेवढ्यात दारात यल्लम्मा,
गोळ्यांची रिकामी पाकिटं घेऊन, मोजून दाखवायला.
शेवटची गोळी काल संपली. नऊ किलो वजन वाढलंय.
म्हणाली, ती तांबड्या केसांची पोर,
माझ्या उंबऱ्यात बसून रडली होती बघ,
तिला कळवलं का गं कुणी, मी बरी झाले म्हणून?

पत्ता आहे माझ्याकडे.
पेपरच्या पहिल्या पानावर, तळाशी, तिचाच छापलाय.
आत, तक्त्यात,
यल्लम्मा अजून खोकतेय.