अनुकरणीय बाब, मुक्काम अडावद

जिल्ह्यात सगळ्यात कमी अर्ज परत येतात
ते केंद्र अडावदचं, असं आकडे म्हणाले,
म्हणून मला पाठवलं.
सोबत नमुना ‘ब’, अकरा रकाने,
आणि एका पेनड्राइव्हवर
कुठल्याशा थंड देशाच्या निळ्या-पांढऱ्या स्लाइड.
तिथं म्हणे मूल रडायच्या आत
जन्मदाखला घरी पोचतो.

चोपड्याच्या बसमधून उतरलो तेव्हा
घड भरलेले ट्रक उत्तरेकडं वळत होते.
केंद्र म्हणजे पिठाच्या गिरणीशेजारची खोली.
कीबोर्डवर कायम ज्वारीची पुटं.
हलिमा तडवी म्हणाली,
“बसा साहेब. सर्व्हर उठायचा आहे अजून.”

तिच्या वहीत त्याच्या सवयी लिहिलेल्या:
मंगळवारी दुपारी रुसतो,
महिनाअखेरीला तोंडच दाखवत नाही,
पहाटे साडेपाचला एकदम शहाणा.
मी लिहिलं, रकाना चार, वेळेचे नियोजन.

मग केळी कापणारे आले.
अंगठे काळे, चिकानं रेषा बुजलेल्या.
यंत्र म्हणालं, ही माणसं जुळत नाहीत.
तिनं तेलाची बाटली पुढं केली,
कोमट पाण्याचं भगुणं, फडकं,
आणि तिसऱ्या खेपेला
यंत्रानं त्यांना माणसांत घेतलं.
रकाना पाच, पूरक साहित्य.
तेल गोडं की खोबरेल, ते लिहायचं राहिलं.

पण हे तर कुणीही करेल.
मी कारण शोधत होतो, आणि
चारच्या सुमाराला दिसलं
की पडदा तिच्याकडं नव्हताच.
टेबलाच्या कडेला, अर्जदाराकडं तोंड करून,
आणि ती मान वाकडी करून
तिरकं वाचत टाइप करत होती.

समोर उखर्डू सोनवणे. अक्षरओळख नाही.
बराच वेळ पडद्याकडं पाहिलं,
मग बोट टेकवून म्हणाले,
“मन्हं नाव इतलं तोकडं नही शे, माय.”

खरंच नव्हतं.
तालुक्याला कुणीतरी उखर्डूचं उखा केलेलं,
घाईत, किंवा शरमेनं.
उकिरड्यावरचं नाव आईनं ठेवलेलं,
मरणानं ढुंकूनही पाहू नये म्हणून.
सत्तर वर्षं लागू पडलं होतं ते.
हलिमानं काना खोडला, र्डू जोडलं.
त्यांनी पुन्हा बोटानं लांबी मोजली.
“हां. आते जमनं.”

“मान दुखत नाही?” मी विचारलं.
“दुखते ना. पण नाव चुकलं की
चोपड्याच्या चार खेपा होतात माणसाच्या.”
“शिकलीस कुठं हे?”
तिनं भिंतीकडं, गिरणीकडं हनुवटी उडवली:
“काटा गिऱ्हाइकाकडंच असतो की.”

रकाना सात, नवोपक्रमाचे स्वरूप:
पडदा फिरवला. खर्च: शून्य.

साहेबांनी चष्मा काढला.
शून्य कसं चालेल?
शून्याला मंजुरी कुठल्या लेखाशीर्षातून द्यायची?

वर्षभरानं परिपत्रक निघालं.
प्रत्येक केंद्रास दुसरा मॉनिटर, बावीस इंची,
निविदेनं, स्टँडसह,
संदर्भ: अडावद.

परवा पुन्हा गेलो.
खोका दाराशी, न फोडलेला,
त्यावर एक बाई दळणाचा डबा मांडीवर घेऊन
नंबराची वाट बघत बसलेली.
मॉनिटरची वायर आलीच नव्हती म्हणे.
जुना पडदा तसाच तिरपा,
हलिमाच्या मानेला पट्टा.

मी पेन काढलं, पण नमुना आणला नव्हता,
आणि पट्ट्यासाठी त्यात रकानाही नव्हता.
तिनं न बघता बाटली माझ्याकडं सरकवली:
“आलाच आहात तर
त्या काकांचे अंगठे चोळा जरा.”